‘येतो’ म्हणाला

बटणवाल्या काकूंच्या दुकानात सुया, दोरे, बटणं, इलॅस्टिक आणि स्वप्नांचे अर्थ मिळायचे. बाकी सगळ्याचे पैसे पडायचे, अर्थ फुकट. आणि फुकट ते पौष्टिक मानणाऱ्यांची जगात कधीच वानवा नसते. स्वप्नात दात पडला? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपा. साप दिसला? पैसा येणार, नाहीतर शत्रू येणार, जे आधी येईल ते आपलं. जिवंत माणूस मेलेला दिसला? त्याचं आयुष्य वाढलं, खुशाल झोपा. अर्थ चुकला तर काकू म्हणायच्या, “तुम्ही स्वप्न नीट सांगितलं नव्हतंत.” या एका वाक्यावर त्यांचा सगळा कारभार उभा होता, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य अगदीच खोटं नव्हतं.

शेजारच्या इस्त्रीवालीला या प्रकाराचं हसू यायचं. तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे इस्त्रीचं टेबल, भिंतीला हँगरची रांग, रस्त्याकडे उघडणारं दार. “मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यात विचारायचं काय?” कपड्यावर पाणी शिंपडत ती म्हणायची. “मला स्वप्नातसुद्धा कपडेच दिसतात. अर्थ एवढाच, की उद्या पुन्हा कपडे.”

मग तिचा मुलगा ज्या मालवाहू जहाजावर कामाला होता, ते वादळात बुडालं. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं सापडली. तिचा मुलगा या दोन्हींत नव्हता. कंपनीतून फोन आला, त्यात ‘बेपत्ता’ असा शब्द होता. हा शब्द फार दुष्ट आहे. गेला म्हटलं तर माणूस ऊर बडवून का होईना, मोकळा होतो. बेपत्ता म्हटलं की रडायचीही चोरी. एकुलता एक मुलगा, नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला, आणि त्याच्यासाठी रडावं तर आपणच त्याला मारल्यासारखं होणार.

थोड्याच दिवसांत तिला स्वप्न पडलं. मुलगा दारात उभा होता. खांद्याला बॅग, अंगात निळा शर्ट. म्हणाला, “येतो गं आई.” बस, तेवढंच. आणि जी बाई जन्मभर स्वप्नांना हसली, ती त्या संध्याकाळी आपल्या पायांनी काकूंच्या दुकानात गेली.

काकूंनी बटणांचा डबा बाजूला सारला. “पहाटेचं होतं का?”

“पहाटेचं.”

“मग झालं तर! ‘येतो’ म्हणाला म्हणजे येणार. पहाटेचं स्वप्न खोटं ठरलेलं मी अजून पाहिलं नाही.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडाला होता मुलगा आणि काडी धरून बसली होती आई.

ती काडी तिनं सोडली नाही. पहिला हिवाळा सरला, दुसरा लागला. दर आठवड्याला ती मुलाचे शर्ट हँगरवरून उतरवायची, इस्त्री करायची आणि परत लावायची. न घातलेल्या शर्टांना चुण्या कुठून पडणार? पण गिऱ्हाइकांच्या कपड्यांआधी हे शर्ट व्हायचे. कुणी हळहळलंच तर ती ठणकावून सांगायची, “येतो म्हणालाय तो.” समोरचा मान खाली घालायचा. आईशी कोण वाद घालणार?

वाद घालायचा हक्क एकाच माणसाला होता आणि ती कधी बोलली नाही. ती म्हणजे सून. दवाखान्यात नर्स होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी कामाला निघताना “जाते” म्हणाली होती, आणि सासूनं तिला उंबऱ्यावर अडवलं होतं. “जाते नाही म्हणायचं गं. येते म्हणायचं. जाणारं माणूस परत यावं म्हणून म्हणायचं असतं.” तेव्हापासून सून रोज “येते आई” म्हणून निघायची आणि रोज परत यायची. मुलगा बेपत्ता झाल्यावरही यायची. दोघी मिळून कपडे उतरवायच्या, जेवायच्या, झोपायच्या. त्याच्याबद्दल बोलायच्या नाहीत, कारण काय बोलणार? एकीला तो होता आणि एकीला तो नव्हता.

एका रविवारी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. चादर ताणून धरलेली असतानाच सून म्हणाली, “आई, मला एकानं विचारलंय.”

“काय विचारलंय?”

“आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याची बायको वारली, तुम्हाला सांगितलं होतं. त्याची दुसऱ्या गावी बदली झालीये. तिथल्या दवाखान्यात नर्सची जागा आहे. लग्न करून बरोबर येतेस का म्हणाला.” तिनं चादर आणखी ताणली. “माणूस चांगला आहे, आई. चांगला नसता तर बरं झालं असतं.”

टोकाला टोक जुळवायला सासू पुढे आली, सुनेच्या हातातली टोकं तिनं घेतली आणि चादरीकडे बघत म्हणाली, “आणि हा परत आल्यावर मी त्याला काय सांगू?”

सुनेचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही. चढला असता तर सासूला भांडता तरी आलं असतं. “माझ्या स्वप्नात तो एकदासुद्धा आला नाही,” ती म्हणाली. “रोज मनातल्या मनात बोलावून झोपते. तुम्हाला येतो म्हणाला. मला का नाही म्हणाला?”

उत्तर नसलं की माणूस साक्षीदार शोधतो. दुसऱ्या दिवशी ती सुनेला हाताला धरून काकूंकडे घेऊन गेली. काकूंच्या तोंडून एकदा पुन्हा ठामपणे ऐकलं की पोरीचं मन थाऱ्यावर येईल, असा तिचा हिशेब.

काकू बसल्याच होत्या. स्वप्न सांगून झालं, काकूंनी मान डोलवली, “अगं, मी तेव्हाच सांगितलं...” असं म्हणून सुरुवातही केली. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, “पण काकू, येतो तर जाणारा माणूसही म्हणतो.”

इतके दिवस हा शब्द सासूनं आणि काकूंनी जपून ठेवला होता आणि त्याची दुसरी बाजू बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. काकूंची पंचाईत झाली, पण त्या काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. “तेही खरंच,” त्या म्हणाल्या. “मग बघायला हवं. दाराबाहेर उभा होता की दाराच्या आत? तोंड तुझ्याकडे होतं की रस्त्याकडे? बाहेरून आत बघत ‘येतो’ म्हणाला तर येणार. आतून बाहेर बघत म्हणाला, तर...” पुढचं त्यांनी गिळलं.

“बाहेर होता,” इस्त्रीवाली ताडकन म्हणाली. “मला डोळ्यांसमोर दिसतोय ना! निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला. खांद्याला बॅग. आणि कॉलर तर इतकी सुरेख बसली होती मानेवर, मागच्या बाजूला एक चुणी नाही, जरा म्हणून...”

तिथं तिची जीभ थांबली.

इस्त्री करणाऱ्या बाईची नजर कॉलरवरच जाते, त्याला ती काय करणार? पण कॉलरची मागची बाजू कुणाची दिसते? पाठ करून उभ्या असलेल्या माणसाची.

तिनं काकूंकडे बघितलं. काकू डब्यात नसलेलं बटण शोधत होत्या. मग तिनं सुनेकडे बघितलं. सुनेला कळलं होतं. सगळं कळलं होतं, तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. आणि तरी ती पुढे झाली, सासूच्या पाठीवर हात ठेवून काकूंना म्हणाली, “बाहेरच होता, काकू. आत बघत होता. आई पहिल्यापासून तेच सांगतात.”

“मग येणार,” काकू पुटपुटल्या. एवढा पडका आवाज त्यांनी कधी लावला नव्हता.

घरी आल्यावर सूनबाईनं चहा ठेवला आणि पाठमोऱ्या उभ्याउभ्याच म्हणाली, “उद्या त्याला नाही म्हणून सांगते मी. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.”

सासू टेबलाशी बसली होती. तिला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या पोरीनं आपल्याला सोडून जायला हवं, तिनंच आपली काडी आपल्या हातात परत ठेवली होती.

“इकडे ये,” ती म्हणाली. “बस. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही. ते स्वप्न पहाटेचं नव्हतं. दुपारचं होतं. इथंच, या टेबलावर डोकं टेकून डोळा लागला होता. काकूंनी पहाटेचं का म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून हो गेलं.”

“जाऊ दे ना, आई.”

“जाऊ देऊ नकोस! ऐक. ते नुसतं स्वप्नही नव्हतं गं. तो निघाला त्या दिवशी मी इथंच उभी होते. कुणाचीतरी घाईची पँट होती, देऊन टाकावी म्हणून मी मान वर केली नाही. तो म्हणाला, येतो गं आई. मी म्हटलं, हं. मग इस्त्री ठेवून वर बघितलं, तेव्हा तो दारातून वळला होता. मला पाठ दिसली. कॉलर दिसली. छान बसलीये, असं मनात म्हटलं आणि पुन्हा पँट घेतली.” तिचा आवाज फुटला. “तोंड बघितलंच नाही मी त्याचं. स्वप्नात तरी कुठून दिसणार? जेवढं बघितलं होतं तेवढंच पुन्हा पडलं. त्याचा निरोप नव्हता तो. माझीच आठवण होती, आणि मी त्यावर तुला इतके दिवस बसवून ठेवलं.”

चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी कुणी उठलं नाही.

सून निघाली तो दिवस कामाचाच होता. टेबलावर कपड्यांचा ढीग होता. कोपऱ्यावर ड्रायव्हर सामान घेऊन उभा होता, आत यायला संकोचत होता. काकू आपल्या दुकानाच्या दारात पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाच कसलाच अर्थ सांगितला नाही. सुनेनं वाकून नमस्कार केला, बॅग खांद्याला लावली आणि रोजच्या सवयीनं म्हणाली, “येते, आई.”

“येते नको म्हणूस,” सासू म्हणाली.

सून जागच्या जागी थांबली.

“जाते म्हण.”

“असं कुणी म्हणतं का? तुम्हीच मला शिकवलंत ना...”

“मीच शिकवलं, मीच मोडते. भेटायला ये, हजारदा ये, घर तुझंच आहे. पण आज जाते म्हण. त्या शब्दावर मला पुन्हा बसवू नकोस, बाळा. मला आता वाट बघवत नाही.”

सासूनं इस्त्री बंद करून बाजूला ठेवली. हात पुसले. टेबलाला वळसा घालून ती दारापाशी आली आणि सुनेच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कपाळ बघितलं, डोळे बघितले, थरथरणारी हनुवटी बघितली. सुनेचे ओठ दोनदा हलले आणि आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला.

“जाते, आई.”

“जा,” सासू म्हणाली.

ती दिसेनाशी होईपर्यंत सासू दारात होती. मग आत येऊन तिनं मुलाचे शर्ट हँगरवरून एकेक करून उतरवले, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरले, पार चोळामोळा होईपर्यंत धरले, आणि मुलगा गेल्याचं रडू तिला त्या दिवशी फुटलं.