बहात्तर किलो

महादेवीचं वजन होतं शहाऐंशी किलो. ते बहात्तरवर आल्याशिवाय डॉक्टर तिची किडनी काढून तिच्या नवऱ्याला बसवणार नव्हते. रक्तगट जुळला होता, कागद तयार होते, भावकीची नाकं मुरडून झाली होती. अडलं होतं ते फक्त काट्यापाशी. 'पोरगी खात्यापित्या घरची' म्हणून लग्नात मिरवलेली महादेवी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर वैतागली.

आठवड्यातून दोनदा ती चन्नवीरला डायलिसिससाठी कुरुंदवाडहून कोल्हापूरला आणायची. तिथल्या आहाराच्या मॅडम म्हणजे प्रेरणा, वयानं लेकीएवढी पण जिभेनं सासू. तिनं दोन वह्या हातात ठेवल्या. "आक्का, एकीत तुमचं लिवायचं, दुसरीत अण्णांचं. तुम्ही बाराशे कॅलरीच्या वर जायचं न्हाय, आणि अण्णांनी अठराशेच्या खाली यायचं न्हाय."

महादेवीनं वह्या अशा लिहिल्या, की शाळेत तशा लिहिल्या असत्या तर बाई आज हेडमास्तरीण असती. भाकरी दीडशे, चमचाभर तेल पंचेचाळीस. शेंगदाण्याच्या चटणीवर तर तिनं पाणीच सोडलं. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की तांब्याभर पाणी प्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. असे तीन महिने काढले. काटा चौऱ्याऐंशीवर आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. जाऊ म्हणाली, "मोजून कुठं वजन उतरतंय व्हय? एकेकाची हाडंच जड असत्यात." महादेवीला ते पटायला लागलं होतं. डोळ्यांदेखत नवरा झिजत होता आणि आपलं हे धूड हलत नव्हतं, याची तिला किळस आली होती.

एका सकाळी प्रेरणानं दोन्ही वह्या शेजारीशेजारी उघडल्या आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहिले.

"बाराशे खाणारी बाई उतरंना, आणि अठराशे खाणारा गडी वाळाय लागलाय. आक्का, खरं सांगा, अण्णा सगळं ताट संपवत्यात?"

"कुठलं! अर्धं ठेवत्यात. तोंडाला चवच न्हाय त्यांच्या."

"मग त्या अर्ध्याचं काय करता?"

"खाते की मी. अन्न टाकत्यात व्हय कुणी?"

"आणि लिवता कुठल्या वहीत?"

"त्यांच्या. त्यांच्यासाठीच केलेलं असतंय न्हवं!"

प्रेरणानं कपाळाला हात लावला. महादेवीला मात्र यात चुकलं काय, तेच क्षणभर उमगेना. नवऱ्याच्या ताटातलं ते नवऱ्याचं, मग संपवलं कुणी का असेना. तीस वर्षं उरलंसुरलं ती असंच पोटात ढकलत आली होती. त्याला जेवण म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याची वही वाचून डॉक्टर तीन महिने निर्धास्त राहिले होते. अंगात पाणी साठत असल्यानं त्याच्या वजनातही खोट दिसली नव्हती. आत मांस गळत होतं.

त्या दिवसापासून तिनं त्याचं उरलेलं शेजारच्या म्हशीपुढं टाकायला सुरुवात केली. पहिल्यांदा टाकताना तिनं त्या अन्नाला हात जोडले. मग मात्र वजन उतरू लागलं. मोजणं खोटं नव्हतं, मोजणारीच चुकली होती. मोसंबीच्या रसापासून प्रसादाच्या चिमटीपर्यंत तिनं सगळं लिहिलं. पाच महिन्यांत ब्लाऊज दोनदा आत घेतले. चन्नवीरच्या वहीत मात्र आकडा कधी सातशे, कधी सहाशे. तिनं विनवलं, रागावली, एकदा तर पोरासारखा घास तोंडात कोंबला. त्यानं तो बाहेर काढून ठेवला.

शेवटी काटा एकाहत्तर किलो आठशेवर थांबला. नर्सनं टाळी वाजवली. महादेवीला रडू आवरेना.

डॉक्टरांनी चन्नवीरचे रिपोर्ट पाहिले, त्याला बाहेर बसवलं आणि तिला सांगितलं, "तुमचं सगळं ठीक आहे. पण आता त्यांना भूल झेपायची नाही. हृदयात ताकद उरलेली नाही."

"मग कवा करायचं?"

डॉक्टरांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

बाहेर आल्यावर चन्नवीरनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि काय ते ओळखलं. तिला दंडाला धरून त्यानं समोरच्या खानावळीत नेलं, बसवलं आणि तिच्यासाठी पुरं ताट सांगितलं.

"आता कुणासाठी उपाशी ऱ्हातीस? जेव."

तिनं घास घेतला. आठ महिन्यांची भूक होती. वांग्याची भाजी तेलानं माखलेली होती, भाकरी तव्यावरची होती आणि जेवण विलक्षण चवदार होतं. नवरा मरायला टेकलाय हे नुकतंच ऐकून आलेल्या बाईला जेवण गोड लागावं, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. तरी हात थांबेना. ताट रिकामं झालं तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

चन्नवीर तिच्याकडंच बघत होता. "अजून एक भाकरी सांगू?"

ती व्हय म्हणाली.