घराचा सराव

सोमवारी वैजयंतानं पहिल्यांदा चहा नीट केला आणि बार्शीच्या तिच्या घरातली शेगडी गेली. गेली म्हणजे चोरीला नव्हे. ती सोलापूरच्या केंद्रात, हॉलच्या फरशीवर खडूनं काढलेल्या चौकोनात येऊन बसली. उजव्या बर्नरवर दूध उतू गेल्याचा जुना करपट डागसुद्धा जागच्या जागी होता. वैजयंतानं चहा गाळून शर्वरी मॅडमना दिला. मॅडमनी घोट घेतला आणि छान झालाय म्हणाल्या. शेगडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

ते केंद्र मनाच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांचं. इस्पितळातून सुटलेल्यांना थेट घरी न धाडता आधी इथं ठेवायचे. का, तर माणूस इस्पितळात शहाण्यासारखा वागतो आणि घरी गेला की आठवड्यात पुन्हा घसरतो. घरच माणसाला गिळतं, त्याला आजार बिचारा काय करणार! म्हणून शर्वरी मॅडमनी एक पद्धत काढली होती. ज्यानं त्यानं आपलं घर हॉलच्या फरशीवर खडूनं काढायचं, इथं चूल, इथं न्हाणी, इथं उंबरा असं बोलून सांगायचं आणि मग त्या रेघांमध्ये राहायचा सराव करायचा. नातेवाईक व्हायला केंद्रातलीच माणसं. नाडगौडा काका नावाचे एक म्हातारे गृहस्थ फार वर्षांपासून तिथं होते, ते बहुतेकींचे सासरे व्हायचे. कधी नवरा, कधी घरमालक, आणि एकदा तर तान्हं बाळही झाले होते. चांगले झाले होते म्हणे.

वैजयंताच्या नवऱ्याची, भानुदासची, बार्शीत पिठाची गिरणी. घराच्या पुढच्या खोलीत गिरणी, मागं संसार. दोन वर्षांपूर्वी वैजयंताला गिरणीच्या पट्ट्यातून नावं ऐकू यायला लागली. माणसांची नावं, एकामागून एक, दमच घेईनात. एका सकाळी तिनं गिऱ्हाइकांची सगळी दळणं अंगणात ओतली, कारण ती नावं पिठात उतरली होती आणि लोक ती खाणार होते. मग व्हायचं ते झालं. इस्पितळ झालं, गोळ्या झाल्या, आवाज थांबले. उरली एक इच्छा. तिला तिच्या मुलीकडं, सृष्टीकडं जायचं होतं. गिरणी, नवरा, गल्ली, चार लोकांत मान, हे सगळं एका पारड्यात आणि ती पोरगी एका. मॅडम म्हणाल्या होत्या, घराचा सराव पूर्ण झाला की घरी सोडू. त्या शब्दावर वैजयंता तग धरून होती.

संध्याकाळी तिनं ऑफिसातून बार्शीला फोन लावला. भानुदासनं उचलला.

"शेगडी गेली," तो म्हणाला.

"इथं आलीय."

"मग ठीक आहे. मला वाटलं हरवली."

भानुदास तसा थंड डोक्याचा. आभाळ कोसळलं तरी हा आधी चप्पल शोधेल. खानावळीतून डबा आणू, तू काळजी करू नकोस म्हणाला आणि फोन सृष्टीकडं दिला. सृष्टी शाळेबद्दल खूप बोलली आणि वैजयंताला मनापासून आनंद झाला.

त्यानंतर सराव झपाट्यानं पुढं सरकला. तिनं रात्रीची गोळी आपण होऊन घेतली आणि न कुढता पाठ टेकली, तर सकाळी तिच्या पाठीखाली बार्शीचा लोखंडी पलंग होता. शेजारीण झालेल्या बाईनं खवचटपणे विचारलं, इतके दिवस कुठं होतात हो? वैजयंतानं मान खाली न घालता सांगितलं की आजारी होते, आता बरी आहे, आत या. लगेच तिच्या घराचं पुढचं दार, कडी-कोयंड्यासकट, हॉलच्या मधोमध उभं राहिलं. उंबराही आला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्या दाराला वळसा घालून जायची सवय लावून घेतली.

सृष्टी फोनवर म्हणाली, "आई, पलंग गेला ना, तिथली भिंत पुढं आली."

"किती पुढं?"

"पलंगाएवढी."

खरंच आहे ते. घराला रिकामी जागा सोसत नाही. जे गेलं त्याच्या जागी घर मिटून येतं, वहाणेनं चावलेल्या जागी कातडं येतं तसं. सृष्टी हे सांगताना घाबरली नव्हती, उलट तिला गंमत वाटत होती. वैजयंता मात्र त्या दिवशी जेवली नाही.

पण हात आखडता घेईल ती वैजयंता कसली. मुळात कामसू बाई. अर्धं दळण टाकून उठायची तिला सवयच नव्हती. मॅडम म्हणाल्या, आता गिरणीपाशी बसायचं. काकांनी तोंडानं गिरणीचा आवाज काढला, ती खडूच्या रेघेशेजारी बसली आणि त्या घरघरीत एकही नाव तिला ऐकू आलं नाही. एकही नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काका दमून थांबले तरी घरघर चालूच राहिली, कारण तोवर खरी गिरणी येऊन पोचली होती, पट्ट्यासकट, पांढरी धूळ उडवत.

आता गिरणी गेली म्हणजे भानुदासच्या पोटावरच पाय आला. पण तो फोनवर एवढंच म्हणाला की पुढची खोली मिटली, आता मागच्या खोलीत तो आणि सृष्टी पाठीला पाठ लावून बसतात. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण इथं वासे फिरले नव्हते, ते मुकाट्यानं खाली येत होते. सृष्टी आता उभी राहिली की तिचं डोकं आढ्याला टेकायचं.

वैजयंता तडक शर्वरी मॅडमकडं गेली. मॅडम तिच्याच पलंगावर बसून डबा खात होत्या.

"मॅडम, माझं घर इकडं येतंय. तिकडं काही उरत नाहीये."

मॅडमनी घास खाली ठेवला. त्या कधी कुणाला हिडीसफिडीस करत नसत. "असं वाटणं स्वाभाविक आहे, वैजयंताताई," त्या मायेनं म्हणाल्या. "घरी जायचा दिवस जवळ आला की सगळ्यांनाच असं वाटतं."

मग वैजयंतानं दुसरा मार्ग धरला. तिनं मुद्दाम चहात मीठ घातलं. शेजारणीच्या अंगावर धावून गेली. गिरणीपाशी बसून नसलेली नावं ऐकू येताहेत म्हणाली. वेड पांघरून पेडगावला जायची पाळी आली, आणि ती कुणावर, तर खऱ्या वेडातून हातपाय खरडत परत आलेल्या बाईवर! आलेली एकही वस्तू परत गेली नाही. तिची गोळी तेवढी वाढली आणि घरी सोडायचा दिवस पुढं ढकलला गेला.

त्या दिवशी नाडगौडा काकांनी तिला बाजूला घेतलं. "असलं काही करू नकोस, पोरी," ते म्हणाले. "मीही करून बघितलं होतं."

तिनं विचारलं, काका, तुमचं घर कुठंय? काकांनी मागच्या बाजूच्या कुलूपबंद खोलीकडं बोट दाखवलं. सगळं तिथं आहे म्हणाले, बायको, दोन मुलगे, तुळस, विहीरसुद्धा. मग तुम्ही तिथं का राहत नाही, असं तिनं विचारल्यावर काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. तिला त्याचं उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळालं.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याशी बोलायचा सराव होता. काका भानुदास झाले. मॅडमनी आधी विचारून घेतलं, नवरा साधारण काय बोलतो? वैजयंता सावध होती, तिनं अगदी मोजकं सांगितलं. गोळी घेतली का म्हणतो. जेवलीस का म्हणतो. बाहेर ऊन आहे म्हणतो. तिला वाटलं, एवढ्याशा ऐवजावर माणूस काही येणार नाही. काका म्हणाले, गोळी घेतली का? ती चवताळून उठली नाही, टोमणाही मारला नाही. इतकी थकली होती की सहज बोलून गेली, "घेतली, तुम्ही बसा."

दार उघडून भानुदास आत आला. भुवयांवर पीठ, दिसायला सगळा तोच. काका उठले आणि भानुदास त्यांच्या जागी बसला.

"सृष्टी कुठंय?" वैजयंतानं विचारलं.

"जेवलीस का?" भानुदास म्हणाला.

"अहो, पोरीला एकटीला टाकून आलात?"

"बाहेर ऊन आहे," भानुदास म्हणाला आणि प्रेमानं हसला.

तिनं त्याला गदागदा हलवलं. त्यानं गोळीचं विचारलं. त्याच्याजवळ तिनं दिलेली तीनच वाक्यं होती, आणि तो ती आलटून पालटून, न कंटाळता वापरत होता. सरावात बोलून सांगितलं जात नाही ते माणसात येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

ती ऑफिसाकडं धावली. फोन सृष्टीनंच उचलला. भानुदासचा मोबाइल तिकडंच राहिला होता, कारण मोबाइलचा सराव कुणी केला नव्हता.

"सृष्टी, तू शेजारी जा. आत्ताच्या आत्ता."

"कशी जाऊ? दार तुझ्याकडं आहे ना."

ते खरं होतं. वैजयंता हॉलमध्ये आली आणि तिनं आपलं दार धाडकन उघडलं. पलीकडं बार्शीची गल्ली नव्हती, केंद्राचाच हॉल होता, आणि त्यात काका चहा पीत होते. तिनं मॅडमचे पाय धरले. बार्शीला कुणाला तरी पाठवा म्हणाली, माझी पोर एकटी आहे, घर मिटतंय. मॅडमनी तिला उठवलं आणि पलंगाकडं हात केला. भानुदासराव तर इथं आहेत, मुलगी एकटी असती तर ते इतके निवांत बसले असते का, असं त्यांनी विचारलं. भानुदासनं मान हलवली आणि बाहेर ऊन आहे म्हणाला.

"एकच सराव राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "मुलीचा. तो झाला की तुम्ही मोकळ्या."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सराव केला नाही, तर घर मिटत मिटत पोरीवर येणार. सराव केला, तर पोर येणार, पण जेवढी सांगितली तेवढीच. वैजयंतानं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि ठरवलं की मग आपण सृष्टी सगळी सांगायची. तिळाएवढीही मागं ठेवायची नाही. जे नवऱ्याच्या बाबतीत चुकलं ते इथं चुकू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती सांगत बसली. सृष्टी दात न घासता घासले म्हणते. पोह्यातले शेंगदाणे वेचून आधी खाते. राग आला की मला आई म्हणत नाही, अहो बाई म्हणते. खोटं बोलताना डाव्या पायावर उभी राहते. पावसाच्या थेंबाला दहीभात म्हणते, का ते तिलाच ठाऊक. मॅडम म्हणाल्या, पुरे, एवढं लागत नाही. वैजयंता थांबली नाही. घसा बसला तरी ती बोलत राहिली. भानुदासनं मधे मधे जेवलीस का विचारलं. सांगता सांगता तिला जाणवलं की आपण सांगतोय ती सगळी सृष्टी दोन वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतरची पोर तिनं पाहिलीच नव्हती, नुसती फोनवर ऐकली होती. तरीही तिनं तेवढंच सांगितलं, कारण दुसरं तिच्याजवळ नव्हतं.

मॅडमनी खडूनं ताट काढलं. मुलगी शाळेतून आली आहे, भुकेली आहे, तिला चार घास भरवायचे, एवढाच शेवटचा सराव. वैजयंतानं भाकरीचा तुकडा मोडला.

दारातून मुलगी आली. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, रिबिनीचा एक फास सुटलेला. ती अजून खडूसारखी फिकी होती. "अहो बाई, भूक लागली," ती म्हणाली आणि ताटापुढं मांडी घालून बसली. वैजयंताला इतकं भरून आलं की तिला ती उचलून छातीशी धरावीशी वाटली.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. नाडगौडा काकांनी तो लांब वायरीसकट ओढत हॉलमध्ये आणला आणि वैजयंताच्या कानाला लावला.

"आई," सृष्टी म्हणाली. हा आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा होता. "माझ्या चपला गेल्या आत्ता."

वैजयंतानं पाहिलं. समोरच्या मुलीच्या पायांत चपला होत्या, तिला मोठ्या होणाऱ्या.

"आई, मला हात हलवता येत नाहीये. भिंत दोन्हीकडनं आहे. तुला एक सांगायचं होतं, मी कुणालाच सांगितलं नाहीये, ते आधी ऐक, मग..."

"घास द्या, वैजयंताताई," शर्वरी मॅडम म्हणाल्या. "फार छान चाललंय."

वैजयंताच्या एका कानाशी फोन होता आणि एका हातात घास. हात तिनं पुढं केला की तो आपोआप गेला, हे तिला सांगता आलं नसतं. मुलीनं आ केला, घास घेतला आणि तिच्या फिक्या गालांवर रंग चढला. आणि तिकडं, बार्शीत, सृष्टीचं बोलणं मधेच थांबलं, तोंडही तसंच उघडं राहिल्यासारखं.