बाराच्या भोंग्याला

बाराचा भोंगा वाजला आणि नुकत्याच कामाला लागलेल्या नवीचे ओठ हलायला लागले. मी चेकिंगच्या टेबलावरून बघत होते. धागे कापायची कात्री तिने खाली ठेवली होती, डावा हात एप्रनच्या खिशात होता आणि खिशातली बोटं एकेक करून पुढे सरकत होती.

“बघ, मोजतेय,” मी शेजारी काज-बटण करणारीला म्हटलं.

“काय मोजतेय?”

“आपल्याला. कोण किती वेळा संडासला गेली, कुणाचा हात मंद चालतो. मालकाने नजर ठेवायला पाठवलीय, दुसरं काय!”

माझा स्वभावच संशयी. बावीस वर्षं शर्टांतल्या चुका शोधणाऱ्या बाईला माणसंही उलटी करून त्यांची शिवण बघावीशी वाटते. शिवाय या वेळी मला घाबरायला कारण होतं. तिसऱ्या मशीनवर माझी भाची बसायची. बहीण गेल्यापासून ती माझीच. तिला सहावा लागला होता, आणि आमच्या कारखान्यात पोट दिसलं की दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून नाव जायचं. जावई पाय मोडून घरी बसलेला. दोन मापं मोठा एप्रन घालून पोरगी कसेबसे दिवस काढत होती.

आणि ही नवी, येऊन महिना झाला नाही तोच, जेवणाच्या सुट्टीत मला विचारते, “मावशी, गेल्या वर्षी दिवस राहिले म्हणून कुणाकुणाला काढलं हो?”

मी डब्याचं झाकण लावलं. “मला काय माहीत? मी आपलं काम करते आणि घरी जाते.”

“आणि मागच्या दाराला कायम कुलूप असतं?”

“का, तुला पळून जायचंय?”

ती हसली. हसताना चांगली दिसायची, त्याचा मला जास्तच राग यायचा. मग मीच उलटतपासणी सुरू केली. “घरी कोण कोण असतं?”

“आम्ही चौघी एकत्र राहतो.”

“लग्न?”

“नाही केलं.”

“चौघींनीही?”

“चौघींनीही.”

चार बायका, लग्न एकीचंही नाही, आणि वर ही हसतेय! पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

एका सोमवारी ती भाचीच्या मशीनपाशी वाकून तिच्या कानात काहीतरी बोलताना दिसली. भाचीचा हात पोटावर गेला. बस्स, माझं ठरलं. नवी हात धुवायला गेली तेव्हा मी तपासलेल्या गठ्ठ्यातला एक शर्ट तिच्या पिशवीत डब्याखाली सरकवला. वाईटही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी गेटवरच्या झडतीत शर्ट निघाला. सुपरवायझर धावत आला. “महिना नाही झाला आणि हात मारायला सुरुवात?”

नवीने शर्ट हातात घेऊन कॉलर उलटली आणि मला माझी चूक दिसली. सवयीने मी त्यावर माझ्या नंबरचं स्टिकर लावून ठेवलं होतं. धागे कापल्यावर शर्ट माझ्याकडे येतात आणि माझ्याकडून थेट पॅकिंगच्या बंद खोलीत जातात. स्टिकर लागलेला शर्ट तिच्या हाती पडणं शक्यच नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नखाने स्टिकर सोलून मुठीत धरलं आणि शर्ट सुपरवायझरला दिला.

“मी चोरी केलेली नाही,” ती म्हणाली. “बाकी मला काही सांगायचं नाही.”

तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

घरी भाजी चिरता चिरता मी भाचीला सगळं सांगितलं, अगदी शाबासकी मिळेल अशा थाटात. ती ऐकून मटकन खाली बसली.

“मावशी, ती नन आहे.”

“कोण?”

“नवी. चर्चच्या सिस्टर असतात ना, त्यांच्यातली. कामावरून काढलेल्या आपल्यासारख्या बायकांसाठी त्या भांडतात. बाहेरून सांगून कुणी ऐकत नव्हतं, म्हणून ही आत कामाला लागली. बाराला ती प्रार्थना म्हणते, खिशात जपमाळ असते. माझं तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तेव्हापासून माझे गठ्ठे तीच उचलून आणत होती.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तीच नको म्हणाली. उद्या कुणी विचारलं तर मावशींना खोटं बोलावं लागेल, म्हणाली.”

मी सुरी खाली ठेवली. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. तरीही मी गप्प बसले. तीन आठवडे भाचीचे गठ्ठे उचलत राहिले आणि गप्प बसले.

मग एक दिवस सरकारी अधिकारी चौकशीला थेट आमच्या शिलाईच्या हॉलमध्ये आला. बरोबर एक म्हातारी सिस्टर होती, तिच्या हातात फाईल. दिवस राहिले म्हणून काढलेल्या अकरा जणींची नावं, आग लागली तर बाहेर पडायच्या मागच्या दाराला कुलूप असल्याच्या तारखा, सगळं नवीने लिहून ठेवलं होतं.

“साहेब, हे लिहिणारी बाई आमच्याकडे चोरी करताना सापडलीय,” सुपरवायझर म्हणाला. “तिच्या कागदांवर काय विश्वास ठेवायचा?”

“आमची सिस्टर चोरी करणार नाही,” म्हातारी म्हणाली.

“मग शर्ट पिशवीत आला कसा?” अधिकाऱ्याने विचारलं.

“ते ती आम्हालाही सांगत नाही.”

अधिकाऱ्याने फाईल मिटली.

मी भाचीकडे पाहिलं. बोलले तर माझी नोकरी जाणार, आणि का केलं असं विचारलं की गोष्ट तिच्या पोटापर्यंत येणार. तिलाही ते कळत होतं. तिने मशीन थांबवलं आणि मान हलवून मला ‘बोल’ म्हणून खुणावलं.

“साहेब, तो शर्ट मी ठेवला होता,” मी म्हटलं.

“मावशी, तोंड बंद ठेवा!” सुपरवायझर ओरडला.

“या कोण?”

“चेकिंगच्या मावशी,” मागून कुणीतरी म्हणालं.

अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे ओढला. “मावशी लिहून चालत नाही. पूर्ण नाव सांगा.”

बावीस वर्षांत ते नाव तिथे कुणी तोंडाने घेतलं नव्हतं. मी सांगितलं. मशीनच्या आवाजात त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.