पुस्तकाबाहेर राहिलेलं प्रकरण

मी एक प्रकरण आहे. प्रकरण म्हटल्यावर लगेच कान टवकारू नका, तसलं काही नाही. मी पुस्तकातलं प्रकरण. खरं सांगायचं तर, पुस्तकात जाता जाता राहिलेलं.

मला लिहिलं दादांनी. घरसामान हलवण्याचा त्यांचा धंदा. भाड्याच्या एका टेम्पोवर सुरुवात केली, आज त्यांच्या दारात ट्रकांची रांग असते. कामगार त्यांना दादा म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकंही दादाच म्हणतात. साठी जवळ आली तसं त्यांच्या मनानं घेतलं, आपणही धंद्यावर एक पुस्तक लिहायचं. एका संपादकबाईंनी होकारही दिला.

मग दादा बाजारातून तसली पुस्तकं आणून वाचायला बसले आणि तिथेच माझी पत्रिका बिघडली. त्या पुस्तकांत सूत्रं होती, म्हणून माझ्यातही सूत्रं आली. माझं नावच 'यशाची अकरा सूत्रं'. सुचली होती सातच. पण सात म्हणजे फारच कमी वाटतात, म्हणून चार ओढूनताणून बसवली. पहिलंच सूत्र होतं, 'ध्येय आभाळाएवढं ठेवा.'

दादांनी ते मोठ्या कौतुकानं बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आभाळाएवढं कपाट आलं तर ते दारातून जाणार नाही, असं तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता ना?"

"तुला पुस्तकी भाषा कळायची नाही," दादा म्हणाले. मलाही तिचा रागच आला. मी तेव्हा फार फुगलो होतो.

संपादकबाईंनी मला शेवटच्या पानापर्यंत वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे कोणासाठी लिहिलंय?"

"सगळ्यांसाठी."

"म्हणजे कोणासाठीच नाही. दादा, एवढ्या पानांत एक खुर्ची नाही, एक दोर नाही, एक जिना नाही. तुमचा धंदा कोणता तेच कळत नाही. उद्या हे एखाद्या बँकवाल्याच्या नावावर छापलं, तरी खपून जाईल."

दादांचा चेहरा उतरला. जिना उतरताना ते पुटपुटले, "खड्ड्यात गेलं पुस्तक!" मला पिशवीत कोंबलं आणि ट्रकच्या सीटमागे टाकून दिलं. तिथे मी धूळ खात पडलो.

एके दिवशी त्यांची पुतणी आली. तिनं नुकतंच कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचं दुकान काढलं होतं. कामाला ठेवलेल्या दोघी बायका महिन्याच्या आत सोडून गेल्या होत्या. तिचे डोळे लाल झालेले.

"काका, मी दुकान बंद करते."

"कर. पण त्याआधी उद्याचा दिवस माझ्याबरोबर ट्रकवर ये."

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या जोडप्याचं बिऱ्हाड हलवायचं होतं. मोठं घर सोडून ती दोघं लहान घरात चालली होती. आजीबाई रिकाम्या खोल्यांतून उगाच फिरत होत्या. सगळं सामान चढल्यावर दादांनी चहाची भांडी ठेवलेला डबा उचलला आणि ट्रकच्या अगदी दाराशी ठेवला.

"हे नेहमी शेवटी चढवायचं," ते पुतणीला म्हणाले, "म्हणजे नव्या घरी पहिलं उतरतं. पहिला चहा पोटात गेला, की ते घर माणसाला आपलं वाटायला लागतं."

ट्रक निघाला. मागे बसलेल्या एका नव्या कामगाराकडे बोट दाखवून ते पुढे म्हणाले, "त्याला आज फक्त उशा आणि गाद्या दिल्यात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जड उचलायला द्यायचं नाही. आधी जिना ओळखीचा होऊ दे. मग एक दिवस तोच विचारतो, 'दादा, कपाटाला मी हात लावू का?' त्या दिवसापासून तो आपला."

पुतणी हळूच म्हणाली, "मी दोघींवर पहिल्याच दिवशी सगळं दुकान टाकून मोकळी झाले." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काका, हे सगळं तुमच्या पुस्तकात आहे ना?"

"नाही."

"मग काय आहे त्यात?"

दादांनी सीटमागून मला ओढलं, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिलं. तिनं आभाळापर्यंत वाचलं आणि तिला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. दादा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग स्वतःच असे गडगडून हसले, की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला. हसू त्यांचं, हसं मात्र माझं झालं.

त्या संध्याकाळी दादा पुन्हा लिहायला बसले. ट्रकवर जे सहज बोलून गेले, ते कागदावर उतरवताना घाम फुटला. जन्मभर कपाटं उचलणाऱ्या माणसाला एक वाक्य उचलेना! दर रविवारी पुतणी यायची आणि दादा तिला वाचून दाखवायचे. तिची नजर खिडकीकडे वळली, की ते तिथे पेन्सिलीनं खूण करायचे आणि नंतर तेवढा भाग मुकाट्यानं खोडायचे. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "हा 'वस्तुतः' कोण मध्येच घुसलाय? आपल्याकडे कामाला आहे का तो?" वस्तुतः जायचा.

पुतणीचं दुकान बंद पडलं नाही. तिनं नवी बाई ठेवली आणि तिला सुरुवातीला नुसत्या घड्या घालायला दिल्या.

पुस्तक पुरं झालं. संपादकबाईंनी ते एका बैठकीत वाचून काढलं. मग दादांनी भीत भीत मला पुढे केलं. "याच्यावर फार मेहनत घेतलीय हो. शेवटी कुठेतरी बसवा."

"दादा," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "जुन्या घरातलं सगळंच सामान नव्या घरी नेता का?"

दादांनी पेन्सिल मागितली आणि माझ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वतःच्या हातानं रेघ ओढली. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण रेघ सरळ आली.

"मी ठेवून घेऊ का हे?" बाईंनी विचारलं. तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे.

कालच एक हॉटेलवाले गृहस्थ आले होते. त्यांच्या हातात जाडजूड बाड, वर लिहिलेलं, 'नेतृत्वाचे नऊ स्तंभ'. बाईंनी ते चाळलं, मग खण उघडून मला त्यांच्यापुढे ठेवलं. गृहस्थांनी दोन पानं वाचली आणि नाक मुरडलं.

"कोणी लिहिलंय हे?"

बाईंनी दादांचं पुस्तक दाखवलं. "यांनीच. आधी हे, मग ते."

गृहस्थ एकदा माझ्याकडे, एकदा पुस्तकाकडे बघत राहिले. मग आपलं बाड त्यांनी हळूच जवळ ओढलं. "आमच्याकडे एक आचारी होता," ते म्हणाले, "मीठ कमी पडलं, की तो स्वतः गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी जाऊन बसायचा..."

"थांबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आता लिहा."

तुम्हीही लिहायला बसलात आणि पहिल्यांदा माझ्यासारखंच काही हातून उतरलं, तर त्याला हिडीसफिडीस करू नका. त्यालाही थोडा वेळ टेबलावर बसू द्या. आम्ही उठलो, की जागा मोकळी होते.