चौकटीतले खेकडे

आमच्या ठाकुर्लीतून समुद्र दिसत नाही, तरी मी बिल्डिंगभर सांगून ठेवलेलं की या सुट्टीत मी सागरी संशोधक होणार. झालं काय, दहावी झालेल्या मुलांसाठी एका संस्थेची उन्हाळी इंटर्नशिप होती आणि तिच्यात माझी निवड झालेली. डोक्यात नुसते देवमासे. वाट्याला काय आलं? ठाण्याच्या खाडीचा चिखल!

काम असं: चिखलावर चौकट ठेवायची, बाजूला गप्प बसायचं आणि बिळांतून बाहेर येणारे खेकडे मोजायचे. हललात की ते आत. आम्हाला शिकवणाऱ्या संस्थेच्या कादंबरी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, एका बैठकीत जो सगळ्यात जास्त खेकडे मोजेल, तो संशोधकांबरोबर बोटीने खोल समुद्रात जाणार. मला ती बोट हवी म्हणजे हवीच होती. पण मी आणि स्वस्थ बसणार? मी झोपेतसुद्धा लाथा मारते. माझ्या चौकटीत रोज भोपळा. माझ्याबरोबर निवडलेला शहाडचा विनीत मात्र दहा-अकरा मोजून यायचा, वर कॉलर ताठ.

शेवटच्या दिवशी मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. ओरडणारच होते, पण विनीत हसेल म्हणून तोंड दाबून तशीच उभी राहिले. आणि आईशप्पथ, ते आले! आधी एक, मग चार-पाच, मग चौकटभर. प्रत्येकाची एक नांगी ही एवढी मोठी, आणि ती वर करून सगळे हलवतायत. सोसायटीचा वॉचमन गाडी मागे घेताना 'आने दो, आने दो' करतो ना, अगदी तसे. एक तर माझ्या पायाशी येऊन हलवत बसला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात मॅडम मला उपसून काढायला आल्या आणि सगळे गडप.

"किती होते गं, रुचिता?"

अरे देवा! मोजायचं राहूनच गेलेलं. तीस म्हटलं असतं तर बोट माझी. तपासणार कोण होतं, खेकडे? तोंड उघडलंसुद्धा. पण इतक्या छान हात हलवणाऱ्यांच्या नावावर थाप मारायची, हे काही जमेना.

"मोजले नाहीत, मॅडम. बघतच राहिले."

"मग विनीत जाईल," मॅडम म्हणाल्या.

मी तिथेच भोकाड पसरलं. मॅडम पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खरं बोललीस, अभिमान वाटू दे तुला."

अभिमान कसला डोंबलाचा! मला बोट हवी होती.