भासऱ्यासमोरची खुर्ची

भय्याजीचं वागणं गोदावरीबाईच्या डोक्यात गेलं होतं. पोरगा चाळिशीला टेकला, पण जिभेचा आणि वागण्याचा मेळ म्हणून नाही. पाकिस्तानात बाई पंतप्रधान झाली हे रेडिओवर ऐकल्यापासून आंधळगावच्या पानठेल्यावर त्याचं एकच पुराण चाललेलं. "मुसलमानी मुलखातली पहिली बाई! घरी तान्हं लेकरू, डोक्यावर ओढणी, अन् मोठमोठे जनरल गप! याले म्हणतेत हिंमत!"

आणि घरात? बायकांच्या राखीव जागेवर पंचायतीत निवडून आली ती त्याची बायको, निर्मला. सभेला मात्र दरवेळी हा जायचा, तिच्या खुर्चीवर बसायचा, तिच्या नावानं हात वर करायचा. सबब तयारच होती. सरपंच वासुदेवराव भय्याजीचा मोठा चुलतभाऊ, म्हणजे निर्मलाचा भासरा. भासऱ्यासमोर सून खुर्चीवर कशी बसणार?

गोदावरीबाईला सुनेचा पुळका होता असं नाही. हिच्या वरणाला चव नाही, हे ती अजूनही चारचौघींत सांगायची. पण आज बोरिंग कुठे मारायची ते ठरणार होतं. खालच्या मोहल्ल्यातल्या बाया तलावाचं गढूळ पाणी भरत होत्या आणि बोरिंग तिथंच आणीन, असा शब्द निर्मलानं त्यांना दिला होता. भय्याजीनं पानठेल्यावरच्या दोस्तांना चौकाचा शब्द देऊन टाकला.

"सांगून पाहिलं का त्याले?" गोदावरीबाईनं निर्मलाला विचारलं.

"सांगतलं जी, आई. म्हणते, तुले काय समजते."

"मंग चाल. पदर घे."

पंचायतीत सभा सुरू व्हायच्या बेतात होती. निर्मलाच्या खुर्चीवर पाय पसरून भय्याजी पान चघळत होता. आईला पाहून सावरून बसला.

"माय, हिले कायले आणलं? वासुदेवदादासमोर ही खुर्चीवर बसन का?"

"नाही बसत. रीत मोडाले मी नाही आली." गोदावरीबाई सरपंचाकडे वळली. "वासुदेवा, सून खाली अन् भासरा वर, तं तिचं बोलणं तुह्या कानापर्यंत कसं पोहोचन? तू बी खाली बस ना, बाबू. सतरंजी टाका."

वासुदेवराव लहानपणी तिच्याच मांडीवर खेळलेला. काकूला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. हसत उठला. सरपंचच खाली बसल्यावर बाकीचे कोणत्या तोंडानं वर राहतील? चपराशी बाबूलालनं खुर्च्या भिंतीशी सारल्या.

निर्मला सतरंजीच्या कडेला बसली. मग पदर ढळू न देता म्हणाली, "बोरिंग खालच्या मोहल्ल्यात पाहिजे. चौकात विहीर हाय. पान थुंकून चूळ भराले तेवढं पाणी पुरते."

दोघंतिघं हसले. चौकासाठी कोण, असं सरपंचानं विचारलं, तर भय्याजीचाही हात सवयीनं वर गेला.

"तुहा नाही रे," वासुदेवराव म्हणाला. "आता तिचा."

एका हातानं चौक हरला.

घरी परतताना भय्याजी धुसफुसत होता. "चारचौघांत नाक कापलं, माय. पाकिस्तानची गोष्ट येगळी हाय."

गोदावरीबाई रस्त्यातच थांबली.

"येगळीच हाय ना! थ्या बाईसाठी तुले खुर्ची सोडा नाही लागली, म्हणून गोड वाटून राहिली. आता सभेच्या दिवशी तू घरी राहजो, अन् वरण शिजवजो. हिच्यापेक्षा तं वाईट नाही होणार."