गंजीमागचं गाणं

पडद्यावरची जोगीण देवळाच्या पायऱ्या उतरू लागली, तशी रमाबाईंनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. चोवीस वर्षांपूर्वीचा बोलपट अकोल्यात एका दुपारच्या खेळापुरता आला होता. नवा होता तेव्हा माहेरी कुणी तो त्यांना पाहू दिला नव्हता.

गाणं सुरू झालं. कमलाकांत वकिलांनी डोळे मिटले.

"काय गळा होता बाईचा! असा पुन्हा झाला नाही."

हे वाक्य रमाबाई लग्नाच्या वर्षापासून ऐकत होत्या. आज ते आपल्या नावावर करून घ्यायचं, असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

"अहो, तो गळा तिचा नाही. माझा आहे."

"ऊन लागलं का तुला?"

त्या भराभर सांगू लागल्या. चिंतामणमामा कोल्हापूरला सिनेमा कंपनीत पेटी वाजवायचे. सोळाव्या वर्षी त्या सुट्टीत तिकडे गेल्या होत्या. तेव्हा चित्र आणि आवाज एकदमच घेत. नटीचा घसा बसला, म्हणून मामांनी भाचीला गवताच्या गंजीमागे माइकजवळ बसवलं. नटीनं पुढे उभं राहून नुसते ओठ हलवले. अमरावतीला भिक्षुक वडिलांना कळू नये म्हणून मामांनी शपथ घातली. वडील केव्हाच गेले; गेल्या महिन्यात मामाही गेले आणि शपथ सुटली.

"बांगड्या काढायला लावल्या होत्या मला. दोन निघाल्याच नाहीत. वरच्या सुराला हात उचलला की वाजतात, ऐका. जोगिणीच्या हातात आहे का एक तरी बांगडी?"

मागून कुणीतरी खेकसलं,

"ओ माय, बोलून काहून राहिल्या? गाणं आयकू द्या ना आमाले!"

सूर वर चढला. त्याच्याआड बारीक किणकिण झाली.

वकिलांचं हसू थांबलं. त्यांनी मनगट हळूच सोडवून घेतलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

त्यांनी वळून मागच्या बाकांवरचे चेहरे एकेक करून पाहिले. ओळखीचं कुणी नव्हतं. मग ते सावरून बसले आणि उपरण्यानं मान पुसू लागले.

रमाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. जोगीण पाठमोरी दूर गेली होती. शेवटचा अंतरा बोलण्यात निसटून गेला होता. आपण तो कसा गायलो होतो, हे त्यांना काही केल्या आठवेना.